चार खिडक्यांचं एकच सुतक

सकाळी साडेदहाला धान खरेदी केंद्राच्या चारही खिडक्या एकदम मुक्या झाल्या. शेतकऱ्यांना धान मोजायची पाळी देणाऱ्या टोकनाचा प्रोग्राम विनोदनंच लिहिला होता. केंद्राचे व्यवस्थापक घनश्यामराव यांनी कालच बजावलं होतं, "उद्या रांगा चालल्या तं तू राहशील. नाही चालल्या तं मी आपली टोकनाची वही काढतो, अन् तू जाय आपल्या घरी वरठीले."

प्रोग्राम तसा गरीब स्वभावाचा होता. चार खिडक्या एकाच वेळी चालायच्या. कुणाचा अंगठा यंत्राला पटला नाही, की प्रोग्राम 'निस्तरणं चालू' अशी खूण लावायचा आणि खूण निघेपर्यंत टोकन छापायचा नाही. घरी विनोदनं एकच खिडकी चालवून पाहिली होती, तेव्हा सगळं कसं शहाण्यासारखं झालं होतं.

आज एक नंबरवर हिरालालचा अंगठा लागेना, आणि खूण चारही पडद्यांवर आली. दोन आणि तीन नंबरवरचे अंगठे लागले होते, छपाई तेवढी अडली.

"माह्यापायी हे सारे काहून थांबले?" हिरालाल म्हणाला. "मी का केलो?"

विनोदला तरी कुठं कळत होतं? तेवढ्यात चार नंबरवर आनंदरावांचा अंगठा एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. चार नंबरनं चारही पडद्यांवरची खूण काढली, आणि हिरालाल अजून अंगठा घासत असतानाच एक नंबरनं त्याच्या हातात टोकन ठेवलं. नावाची जागा कोरी.

"हे कोनाचं होय?"

"कोणाचंच नाही," विनोद खरं तेच बोलला आणि बाहेर येऊन एका पोत्यावर मटकन बसला. पोतं धान विकायला आलेल्या पार्वताबाईंचं होतं, आणि शेजारच्या पोत्यावर त्या स्वतः बसल्या होत्या.

"काय झालं, बाबू?"

बुडत्याला काडीचा आधार. विनोदनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"एक सांग. माह्या शेजारच्या नत्थूच्या घरी मयत झाली तं सुतक कोनाले?"

"त्यायच्या घराले."

"मंग माह्या घरची फोडणी कायले बंद करतं? अन् मी आंघोळ केली म्हणून नत्थूचं सुतक फिटते का?"

विनोद उठला तो धावतच आत गेला. साऱ्या गावाला मिळून त्यानं एकच सुतक लावलं होतं, आणि ते कुणीही फेडत होतं. अर्ध्या तासात त्यानं प्रत्येक खिडकीला तिची स्वतःची खूण दिली. आता खिडकी फक्त आपल्याच घरचं विचारायची. रांगा सरसर पुढे सरकल्या. घनश्यामराव एकदा हसलेसुद्धा.

तीन वाजता दोन नंबरवर पार्वताबाईंची पाळी आली. धान कापून कापून झिजलेला त्यांचा अंगठा काही केल्या लागेना. दोन नंबर थांबली. एक, तीन, चार नंबर खुशाल टोकनं छापत राहिल्या. विनोदला धन्य धन्य वाटलं.

मग आपल्या नावाचं टोकन खिशात घालून वजनकाट्याच्या रांगेत थांबलेला हिरालाल परत फिरला आणि पार्वताबाईंजवळ बसला. त्याच्यामागे आनंदराव बसले. काट्याकडे निघालेले वळले, रांगेतले रांग सोडून आले. दहा मिनिटांत चारही खिडक्यांसमोर कुणी उरलं नाही.

घनश्यामराव वही काखेत मारूनच बाहेर आले. "विनोद, पुन्हा बंद पडला?"

"नाही साहेब. प्रोग्राम चालू आहे. माणसं थांबली." विनोद पुरता गोंधळला होता. यात चूक कुठली शोधायची?

"अडल्या मानसाले एकटं टाकून जात नाही जी," हिरालाल समजावत म्हणाला. "बाईचा अंगठा लागू द्या, मंग उठतो."

घनश्यामरावांनी गर्दीकडे पाहिलं, मग वहीकडे. वही त्यांनी जमिनीवर टाकली आणि तिच्यावरच बसले.

"वही काढूनही हे उठत नाहीत," ते म्हणाले. "तू राहा. अन् जाय, साऱ्यायले चहा सांग."