शकुनाच्या एका ठिपक्याची हकीकत

श्री. प्रथम नमन खडूस, जो झिजला. दुसरे नमन डस्टरास, ज्याने लोकांचे लिहिलेले पुसले आणि कधी कुरकुर केली नाही. तिसरे वाचणारांस, त्यांची नजर शाबूत राहो. शके १९४५, शोभननाम संवत्सर, आषाढमासापासून मार्गशीर्षापर्यंत जे वर्तमान जाहले ते जाणत्यांचे तोंडून ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरतेच.

राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ऐशी राज्ये पैशाला पासरी आहेत. तेथील महाराजांचे कानी आले की शेजारचे राज्यात शाळांतून काळे फळे जाऊन उजेडाचे डिजिटल फळे आले, आणि त्यांवर बोट लाविता चित्र हालते. मग महाराजांस अन्न गोड लागेना, आणि त्यांणी शिक्षणखात्याचे कारभारी राजश्री बजाबा सुरनीस यांस बोलावून आज्ञा केली की, "आमचे शाळेतही लावणे, आणि शेजाऱ्यांहून कणभर सरस लावणे." बजाबा मोठा हुशार. हुकूम झेलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. समजण्याची गोष्ट वेगळी. मग इलाहीबक्ष नामे कारागीर दाराएवढा फळा घेऊन शाळेत दाखल जाहला आणि समजावू लागला की, "साहेब, हा सारा ठिपक्यांचा खेळ आहे. आडवे ठिपके एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी. यास रेझोल्युशन म्हणतात. ठिपके जागचे जागी बसले की अक्षर कोरल्यासारखे उमटते." हे ऐकून बजाबांचे तोंड कडू जाहले आणि ते म्हणाले, "दोन्ही आकडे शून्यावर? अहो, आमचेकडे आहेरसुद्धा शंभराचा करीत नाहीत, एकशे एकाचा करितात! विद्येचा फळा, आणि शेवटी शून्य? मुले परीक्षेत तेच आणतील! एकोणीसशे एकवीस करा, आणि एक हजार एक्याऐंशी करा." कारागीर म्हणाला, "साहेब, ठिपके काचेबरोबर जन्मास आले आहेत. नव्यास जागा नाही." बजाबा म्हणाले, "नाही कैसी? पंगतीत पाहुणा वाढला तर पंगत उठवितात काय? सरकवून बसवा!" मग कारागिराने कपाळास हात लाविला, आणि यंत्रास सांगितले की चित्र एकविसाचे काढ आणि विसात कोंब.

झाले! ठिपके एकमेकांचे मांडीवर बसले, आणि अक्षरांच्या कडा पिठाळल्या, आणि काने सुजले, आणि अनुस्वार तर वरचेवर विरघळून गेले. पुढील बाकास अदमासाने लागे, मागील बाकास नुसते धुके. तळाशी एक बारीक ओळ सदा उमटे, ती मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसे. ती कंपनीची नक्षी असावी ऐसे बजाबांनी ठरविले. परंतु नारळ फुटला, पेढे वाटले, आणि जुना काळा फळा खिचडीचे पिंपावर झाकण म्हणून रवाना जाहला.

तिसरीचे वर्गावर वेणूबाई खांबेटे नामे बाई होत्या. बावीस वर्षे खडू धरिला, जिभेने तिखट, पोटात माया. त्यांचे वर्गात तान्ही नामे पोर, उंच म्हणून शेवटचे बाकावर बसे आणि पूर्वी धडा घडघडा वाची. ती आता मुकी जाहली. बाई म्हणाल्या, "काय गं तान्हे, तोंडात मूग भरलेस का?" पोर रडू लागली आणि म्हणाली, "बाई, मला येतं हो सगळं. पण अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात." बाईंचे काळजात चर्र जाहले. त्या तडक बजाबांकडे गेल्या, आणि बजाबांनी येऊन, फळ्यास नाक टेकेल इतके जवळ उभे राहून निवाडा दिला की, "मजला लख्ख दिसते. मुलांचे डोळेच अधू." मग सरकारातून चष्मे आले, आणि पोरे तेच धुके मोठे करून पाहू लागली. मग बजाबांनी महाराजांस लिहिले की मागील दोन बाकांवरील अकरा मुले ढ आहेत. मार्गशीर्षात स्वारीने स्वतः तपासणी करावी, आणि जे पोर फळ्यावरील वाचणार नाही ते दुसरीत परत बसवावे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बाईंस घास उतरेना. "माझ्या हातची शिकलेली पोरं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ढ ठरायची," ऐसे म्हणून त्या पदराने डोळे पुसीत.

तपासणीचा दिवस उजाडला. स्वारी यावयाची म्हणून बाईंनी दारात पंधरा ठिपक्यांचे कमळ काढावयास घेतले आणि तान्हीस ठिपके घालावयास बसविले. पोरीचे चित्त थाऱ्यावर नाही. एके ओळीत सोळा पडले. बाई रेघा जोडू गेल्या तो पाकळी पाकळीवर चढली आणि कमळाचा कोबी जाहला. बाई ओरडल्या, "अगं, एक ठिपका जास्त घातलास! आता जुळायचं कसं?" आणि बोलता बोलता थबकल्या. हातातील रांगोळी तैशीच राहिली. आत इलाहीबक्ष तारा तपाशीत होता, त्यास जाऊन विचारिले, "भाऊ, सुरनीसांनी वाढवलेला तो वरचा एक ठिपका काढला तर?" तो म्हणाला, "बाई, पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय सांगतोय? पण सुरनीसांचा शकुन मोडला तर माझी धडगत नाही." बाई म्हणाल्या, "तुम्ही ठिपके तेवढे सरळ करा. शकुन माझ्याकडे लागला." मग कारागिराने कळ फिरविली, आणि बाईंनी पर्समधील पाकिटातून लाल टिकली काढून फळ्याचे चौकटीवर मधोमध चिकटविली. फळ्याकडे पाहून तान्ही किंचाळली, "अय्या बाई, अनुस्वार आले!"

इतक्यात स्वारी आली. बजाबांनी फळ्याचे कोपऱ्यात उमटलेले ठिपक्यांचे आकडे पाहिले आणि घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "घात झाला! पुन्हा शून्य! महाराज, हिने शकुन मोडिला!" महाराजांनी भुवई चढविली. अकरा तोंडे बाईंकडे पाहत होती. त्या म्हणाल्या, "मोडला नाही महाराज, जागेवर लावला. आहेराच्या पाकिटात शंभर आत असतात, आणि वरचा रुपया बाहेरून चिकटवलेला असतो. तो काय कुणी नोटेत कोंबतं? तसे आतले ठिपके आत. हा वरचा एक, चौकटीवर." महाराज टिकली निरखून म्हणाले, "बाईंचे म्हणणे रास्त दिसते. शेवटचे बाकावरील पोरीस वाचू द्या."

तान्ही उठली आणि वाचू लागली. धडा घडघडा वाचिला, पूर्णविरामासही थांबली नाही, आणि धडा संपला तरी गाडी थांबेना, तळाची मुंग्यांची रांगही वाचून मोकळी जाहली की, "सूचना: ठिपक्यांची संख्या बदलू नये. बदलल्यास अक्षरे पुसट दिसतील." महाराज म्हणाले, "बजाबा, ही ओळ कधीपासून आहे?" इलाहीबक्ष हात जोडून म्हणाला, "पहिल्या दिवसापासून, सरकार." मग बजाबांनी खिशातील चष्मा काढिला, पुसला, आणि पुन्हा खिशात ठेविला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दुसरीत कोणी परत गेले नाही. बजाबांचे काही वाकडे जाहले नाही, ऐशांचे होत नसते. आठ दिवसांत त्यांणी फर्मान काढिले की राज्यातील यच्चयावत फळ्यांस टिकली लावावी, आणि ती सरळ आहे की नाही हे पाहण्यास दोन अंमलदार नेमिले. खिचडीचे झाकण मात्र बाईंनी घासून पुसून वर्गात परत आणिले, वेळप्रसंगी असावे म्हणून. तान्ही चौथीत गेली. अद्याप शेवटचेच बाकावर बसते. कोणी पुढे ये म्हटले तर म्हणते, "कशाला? इथून सगळं दिसतं."