चालीत न बसलेली अट

गणिताला लोक उगाच घाबरतात. मी नाही घाबरत! पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना मी विद्यापीठात नाव घातलं. मुख्य विषय इतिहास, आणि दुय्यम विषय, ज्याला मुलं मायनर म्हणतात, तो चक्क गणित! अर्ज भरला त्याच दिवशी घरात जाहीर करून टाकलं, "माझ्या पदवीच्या कागदावर 'इतिहास, सोबत गणित' असं छापून येणार. मी तो चौकट करून दारासमोर टांगणार!"

"आई," लेक म्हणाली, "दुधाचा हिशेब करायचा असला तरी तू शेजारच्या काकांना हाक मारतेस."

"अगं, माझ्याकडे युक्ती आहे!"

युक्ती साधी होती. लहानपणापासून मी कीर्तनं ऐकत आले. चाळीस वर्षांपूर्वी बुवांनी गायलेलं पद मला आजही मुखोद्गत, आणि काल वाचलेलं पान मात्र आज ओळखसुद्धा दाखवत नाही! तेव्हा सिद्धतांना चाली लावायच्या. देवाचं नाव घ्यायचं आणि गायचं!

शेवटच्या वर्षापर्यंत माझ्याभोवती दहा पोरं-पोरी जमली. सगळी मायनरवाली, आणि मी सगळ्यांची मावशी. खरे गणितवाले आमच्याकडे चुकीच्या डब्यात चढलेल्या प्रवाशांसारखे बघत. ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही बसायचो. टेबल हा मृदंग, टाळांऐवजी किल्ल्यांचे जुडगे. मी ओळ सांगायची, पोरांनी उचलायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "म्हणा हो म्हणा!"

आता एक कबुली देते. शेवटच्या पेपरात हमखास येणारी एक सात ओळींची सिद्धता होती. तिच्यात चौथ्या पायरीला दोन्ही बाजूंना क्षने भागायचं. पण अट अशी, की क्ष शून्य नसेल तरच! ही अट काही केल्या चालीत बसेना. ताणली, दुमडली, दामटली, तरी दोन मात्रा बाहेरच. भरलेल्या बॅगेतून बाही लोंबावी तशी! शेवटी म्हटलं, देव भावाचा भुकेला. एका अटीने काय बिघडतंय? दिली सोडून!

परीक्षेत नेमकी तीच सिद्धता आली. मी आनंदाने अगदी मनातल्या मनात गुणगुणले. निदान मला तरी तसंच वाटत होतं! मागच्या बाकावरच्या लंबूने दुसरी ओळ उचलली. खिडकीजवळच्या चष्मेवालीने बाकावर ठेका धरला. आणि मग अकरा गळ्यांतून, दबक्या आवाजात पण सुरात, "म्हणा हो म्हणा!"

"कोण आहे ते?" पर्यवेक्षक सर कडाडले. "ही खूण कसली?"

"खूण नाही हो, पालुपद आहे!" मी म्हटलं.

चौथ्या दिवशी आम्हा अकरा जणांना विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. समोर अकरा उत्तरपत्रिका, बाजूला पर्यवेक्षक सर, चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान.

"अकराच्या अकरा उत्तरांत एकच अट गाळलेली आहे," बाई म्हणाल्या. "हेही योगायोग म्हणून सोडलं असतं. पण आठ जणांनी सिद्धतेच्या शेवटी 'म्हणा हो म्हणा' असं लिहिलंय! मावशी, हे काय आहे? कॉपी सिद्ध झाली तर सगळ्यांचं मायनर रद्द होईल."

माझी चौकट गेली तर गेली, पण ही दहा लेकरं माझ्या नादाने बुडणार! हात जोडून मी म्हटलं, "बाई, यांनी कॉपी नाही केली. यांनी माझी चूक पाठ केली. खोटं वाटत असेल तर इथेच म्हणून दाखवतो."

"म्हणा."

आम्ही गायलो. आधी घाबरत, मग जीव ओतून! तिसऱ्या ओळीला पर्यवेक्षक सरांची बोटं फाइलवर वाजायला लागली. पालुपदाला तर ते आमच्यात मिसळलेच, आणि मग खोकल्यासारखं करून गप्प बसले.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसण्याने, बरं का!

"कॉपी नाही, मान्य. पण शून्याने भागायला गाण्यातसुद्धा परवानगी नाही! आठ दिवसांनी तोंडी परीक्षा. एकेकाने यायचं, दहा मिनिटं मिळतील. आणि मावशी, ती अट विसरायची नाही!"

विसरते कसली! आठ दिवस मी त्या अटीला वाहून घेतलं. ओळीत बसत नाही ना? मग तिलाच पालुपद केलं! दर ओळीनंतर दोनदा, "क्ष शून्य नसेल तरच हो, नसेल तरच!" पोरांना म्हटलं, "या रे, नवी चाल शिकवते." पोरं एकमेकांकडे बघत म्हणाली, "मावशी, या वेळी आम्ही पुस्तकातूनच करतो."

तोंडी परीक्षेत माझा आवाज असा लागला म्हणून सांगू! पहिली ओळ, अट, अट. दुसरी ओळ, अट, अट. मध्ये जरा आळवलंही. पाचव्या ओळीनंतरची अट रंगात आली होती, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मावशी, दहा मिनिटं संपली."

"अहो, पण सिद्धता राहिली!"

"अट मात्र पक्की झाली हो तुमची!"

निकाल लागला. दहाही लेकरं सत्तरच्या वर! आणि मला चाळीस. पास व्हायला लागतात तेवढे, वर एक नाही. श्रोते पैलतीराला पोचले, बुवा मात्र कमरेएवढ्या पाण्यात!

तरी कागदावर छापून आलंच, 'इतिहास, सोबत गणित'. मी चौकट टांगत होते. लेक स्टूल धरून उभी होती.

"आई, या कागदावर गुण छापत नाहीत?"

"नाही गं."

मी नेलेल्या प्रत्येक कीर्तनात झोपणाऱ्या त्या पोरीने स्टूल सोडलं आणि चक्क हात जोडले. "आई, आज पटलं. देव आहे!"