गोपनीय सल्ला, आडनावाच्या क्रमाने

पारास्का वोरोबेत्स बाईंची तक्रार एवढीच होती, की त्यांची नात लारिसा आजकाल माणसासारखी बोलत नाही. जेवताना बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं ताट पुढे करून "अजून दोन पेरोगी वाढू का?" म्हणून विचारावं, तर पोरगी आधी खिडकीकडे बघायची, मग दाराकडे, आणि मग हळूच म्हणायची, "आजी, याबद्दल आत्ताच काही सांगता येणार नाही."

"अगं, पेरोगी विचारतेय, तुझं लग्न नाही ठरवत!"

पारास्काबाई शाळेत गेल्या त्या जेमतेम, आणि तेही हिमवादळ नसेल त्या दिवशी. पण सासऱ्याची शेती दुप्पट करून त्यांनी मुलगे आणि सुना सगळे सुतासारखे सरळ केले होते. त्यांच्या घरात गुपित टिकलंच, तर दुपारच्या जेवणापर्यंत. तेव्हा एका रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी लारिसाला मळलेल्या पिठासमोर बसवलं आणि लाटणं स्वतःच्या हातात ठेवलं. पोरगी बोलती झाली.

प्रकरण असं होतं. लारिसा विद्यापीठात प्रोफेसर थॉर्बर्न यांच्या हाताखाली गव्हावरच्या तांबेरा रोगावर संशोधन करत होती. प्रोफेसरांच्या नव्या निबंधात तीन शेतांतल्या तीन पानांचे फोटो होते. पान मात्र एकच. उभं धरलं की कोरडं शेत, आडवं धरलं की ओलं शेत, आरशातून पाहिलं की शेजारच्या प्रांतातलं शेत. निबंधावर लारिसाचंही नाव जायचं होतं आणि येत्या शुक्रवारी तिला त्यावर सही करायची होती. केली तर लबाडीत वाटा. न केली तर तिची पीएच.डी. थॉर्बर्नसाहेबांच्याच मुठीत.

"मग सांग की कुणाला तरी!"

"सांगितलंय आजी. गोपनीय सल्लागार आहेत ना आमच्याकडे."

विद्यापीठानं त्याच हिवाळ्यात 'संशोधन-सचोटी गोपनीय सल्ला कक्ष' उघडला होता. सल्लागार मिस डॉरीन हॅलडेन म्हणजे स्वभावानं लोण्याहून मऊ. नियम त्यांनी हसत हसत समजावले. सल्लागार सगळं ऐकतील. मात्र लिहून घेणार नाहीत, कुणाला सांगणार नाहीत आणि काही करणारही नाहीत.

"नाव नाही हं घ्यायचं," त्या लारिसाला म्हणाल्या. "'एक अमुक व्यक्ती' म्हण."

"एका अमुक व्यक्तीनं एकच पान..."

"पान म्हटलं की ओळख पटते, बाळा. 'वनस्पतीचा अमुक अवयव' म्हणू या."

बऱ्याच वेळानं, एका अमुक व्यक्तीनं एका अमुक अवयवाचं अमुक काहीतरी केलं असावं, यावर दोघींचं एकमत झालं. मग सल्ला मिळाला: योग्य वाटेल ते, योग्य वेळी, योग्य मार्गाने करावे.

कक्षाला मागचं दार होतं, खिडक्यांना जाड पडदे होते. एकच गोष्ट कक्ष थाटणाऱ्या समितीच्या नजरेतून निसटली. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या थंडीत गाडी बाहेर नुसती उभी केली तर इंजिन गोठतं. तिची वायर ओढून विजेच्या खांबाला जोडावी लागते. आणि खांब होते कक्षाच्या पुढच्या दाराशी, उपाहारगृहाच्या बरोब्बर समोर. लारिसा गेली होती आजीच्या हिरव्या ट्रकमधून, ज्याला अख्खा जिल्हा ओळखतो. लोकांची कॉफी संपायच्या आत सर्वांना कळलं, की वोरोबेत्सांची पोर गोपनीय आहे.

"माझ्या ट्रकला नावं ठेवायचं काम नाही," पारास्काबाई मध्येच म्हणाल्या.

लारिसा पुढे सांगत गेली. गोपनीयतेचा भंग झाला म्हणून समिती बसली. तिनं काढलेला तोडगा बिनतोड होता. मोजकीच माणसं कक्षात गेली तर ती उठून दिसतात. सगळेच गेले तर कोण दिसणार? सबब गोपनीय सल्ला घेणं सर्वांना सक्तीचं झालं, आणि झुंबड नको म्हणून आडनावाच्या क्रमानं वेळापत्रक भिंतीवर लागलं. ज्यांची काहीच तक्रार नव्हती त्यांना रिकाम्या हातानं जायची लाज वाटली. त्यांनी थॉर्बर्नसाहेबांच्या पानाबद्दल सांगितलं. ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आपल्या अक्षराची पाळी आली तेव्हा खुद्द थॉर्बर्नही जाऊन आले. एका अमुक व्यक्तीवर कुणी अमुक आळ घेतला तर तिनं काय करावं, असं त्यांनी विचारलं. त्यांनाही तोच सल्ला मिळाला. बाहेर येऊन म्हणाले, "फार मोकळं वाटलं हो!"

मिस हॅलडेनच्या पोटात आता अख्खं विद्यापीठ मावलं होतं, आणि ओठ नियमानं शिवलेले. इतकं सगळं आत मुरल्यावर उघड तक्रार एकही उरली नाही. त्यावरून वार्षिक अहवालात नोंद झाली, की विद्यापीठात सचोटी पूर्णत्वास पोचली आहे.

या आनंदात, सहीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमध्ये आभाराचं जेवण ठरलं. ज्यानं त्यानं घरून एक पदार्थ आणायचा, घरच्यांनाही आणायचं. कक्षाच्या परंपरेला धरून पदार्थांवर नावं लावायची नव्हती. पारास्काबाईंनी दिवसभर खपून पेरोगी केल्या, वर परतलेला कांदा घातला आणि वाफाळता टोप स्वतः उचलून आणला. दार धरायला चौघं धावली. "सॉरी, सॉरी" करत साऱ्या हॉलनं त्यांना वाट दिली.

कुलगुरूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! काय ही मुरड! केल्या कुणी या?"

थॉर्बर्न नेमके टोपाशी उभे होते. ते किंचित लाजले.

"आमच्या घरची जुनी पद्धत आहे," ते म्हणाले.

ज्यांनी दार धरलं होतं त्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. मिस हॅलडेननी शेजाऱ्याकडे आंबट साय मागितली. कुणीतरी थॉर्बर्नना कृती विचारली, आणि ते ती सांगूही लागले.

"ऐकतेस ना?" पारास्काबाईंनी नातीला कोपर मारलं. "मेल्याला पीठ कोमट पाण्यात भिजवतात हेही माहीत नाही!"

लारिसानं त्यांची बाही धरली. "हळू, आजी, हळू! उद्या सकाळी सही आहे माझी. आपण याबद्दल रीतसर मिस हॅलडेनची वेळ घेऊ ना. आपलं अक्षर सोमवारी आहे."

पारास्काबाईंनी बाही सोडवून घेतली. आवाज खाली घ्यायची त्यांना सवयच नव्हती. कांद्यावरची माशीसुद्धा दचकावी इतक्या खणखणीत त्या बोलल्या.

"त्याच्यावर नाही गं माझा राग. चोर गावात एकच असतो. बाकीचं गाव शहाणं असतं, म्हणून त्याचं चालतं. आणि तू, माझे बाई, फारच शहाणी झालीस."