रघूदादाची लेन्स ठरत नाही

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला घाटकोपरच्या आमच्या जुन्या घराच्या गॅलरीत माझा थोरला भाऊ रघूदादा वरवंटा डोळ्याला लावून उभा असतो. वरवंटा टॉवेलात गुंडाळलेला. त्याला सुतळीने बांधलेला जुन्या बॅगेचा पट्टा गळ्यात. डावा हात खालून आधाराला, डावा डोळा मिटलेला. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एखादा कावळा बसलेला असतो. दादा श्वास रोखून मनात दहा आकडे मोजतो, वरवंटा अलगद खाली ठेवतो आणि वहीत लिहितो, ‘सातव्याला हात हलला.’

समोरच्या विंगेतल्या बायकांनी सुरुवातीला सोसायटीकडे तक्रार केली होती की गावडे दुर्बिणीतून बघतात. सेक्रेटरी स्वतः वर आले. दादाने टॉवेल सोडून आतला वरवंटा त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरींनी तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि चहासुद्धा न घेता खाली गेले. त्यानंतर तक्रार आली नाही. फक्त लिफ्टमध्ये माणसं दादाशी जरा जपून बोलायला लागली.

वरवंट्याचं कारण अगदी सरळ आहे. दादाला लांबचे पक्षी टिपणारी मोठी लेन्स घ्यायची आहे. अशी लेन्स साधारण दोन किलोची असते आणि आमच्या आईचा वरवंटाही दोन किलोचा आहे. पेलेल की नाही हे आधी कळायला नको का? दादाचा सगळ्याच बाबतीत एक शब्द ठरलेला असतो. “आधी टेस्टिंग.”

गेली सहा वर्षं टेस्टिंग चालू आहे.

आता थोडं मागचं सांगतो. आमच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा दादा दहावीला होता आणि मी तिसरीत. घर म्हणजे तेव्हा डोंगरावरची एक खोली (इमारत पुढे झाली), पाणी खालच्या नळावरून आणायचं. वडील दिवसभर दाराशी बसून असत आणि आई चार घरची भांडी घासायची. सगळ्यांचं शिकणं होणार नव्हतं. दादाने दहावीची परीक्षा दिली आणि निकाल लागायच्या आत एका लिफ्ट कंपनीत हेल्पर म्हणून लागला. निकाल मी जाऊन आणला. दादा पहिल्या वर्गात पास झाला होता. त्याने कागद पाहिला, घडी घातली आणि म्हणाला, “बाबू, घरात एक ग्रॅज्युएट पुरे. तो तू हो.”

मी झालो. गावडे घराण्यातला पहिला बी.ए. आणि पुढे भूगोलात एम.ए. हे सांगताना मला अजून छाती पुढे काढावीशी वाटते आणि मी ती काढतो. आज मी एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो आणि मुलुंडला राहतो.

दादाने मात्र माझ्या डिग्रीचा अर्थ फार मोठा घेतला. डिग्री एकदा घरात आली की ती सगळ्यालाच लागू होते, अशी त्याची समजूत. आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे, सोसायटीच्या नोटिसा, मिक्सरच्या वॉरंटीचं कार्ड, सगळं माझ्यासमोर यायचं. “तू ग्रॅज्युएट मां? मग वाच.” आई गेली, त्यानंतर वाचायला फारसं काही उरलं नाही. मीही मग गणपती आणि दिवाळी एवढ्यापुरताच घाटकोपरला जायला लागलो. संसार, पेपर तपासणी, कारणं सगळ्यांकडे असतात तशी माझ्याकडेही होती.

आणि मग लेन्स आली. म्हणजे लेन्सचा विषय आला.

दादा माहुलकडच्या एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. गच्चीवरच्या मशीन रूममधून बाहेर आला तर समोर खाडी, मागे रिफायनरीच्या चिमण्या आणि मधल्या चिखलात लांबच लांब गुलाबी पट्टा. फ्लेमिंगो. दादा त्या दिवशी लिफ्ट सोडून तासभर गच्चीवर उभा राहिला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच. आठवड्याभरात त्याने ओळखीतल्या एकाचा वापरलेला कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर एक छोटी लेन्स आली होती. त्यातून फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेली बडीशेप दिसायची.

“पाखराचो डोळो दिसाक व्हयो,” दादा म्हणाला. मनापासून बोलायचं असलं की त्याची मालवणी वर येते. “डोळो दिसलो नाय तर फोटो कसलो?”

दुसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. लेन्सची माहिती इंग्रजीत आहे, येऊन वाचून दे.

मी गेलो. टेबलावर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दुकानांची पत्रकं नीट लावून ठेवलेली होती. फोकल लेंग्थ म्हणजे काय, अॅपर्चर म्हणजे काय, चारशे मिलिमीटरची बरी की सहाशेची? एकाच मापाची घ्यावी की पुढे-मागे होणारी? दादा विचारत होता आणि मी, भूगोलाचा एम.ए., ठोकून देत होतो. पण डिग्रीची अब्रू राखायची तर नुसतं ठोकून भागेना. मग मी शुक्रवारी स्टाफरूममध्ये बसून लेन्सचा अभ्यास करायला लागलो. माझी बायको सुषमा म्हणाली, “पीएचडी करा म्हटलं तर वेळ नव्हता, आणि हे कोणत्या विद्यापीठाचं?”

असे रविवार सुरू झाले. दादा मासे आणायचा, मी वाचायचो. मी म्हणालो चारशे घे, वजनाला हलकी आहे, की तो म्हणणार, पण लांबचं पाखरू? मी म्हणालो सहाशे घे, की तो म्हणणार, पण उजेड कमी घेते. एकदा दोघांचं दोनशे ते पाचशेवर एकमत झालं होतं. मी मोठ्या आनंदाने मुलुंडला परतलो. बुधवारी फोन आला की त्या लेन्सला नळी पुढे सरकते, म्हणजे आत धूळ जाणार, लिफ्टच्या शाफ्टमध्ये धुळीने काय होतं ते मला विचार.

दुकानदारांची तर त्याने वाट लावली. फोर्टातल्या एका दुकानात तो प्रत्येक लेन्स हातात घेऊन पन्नास उठाबशा काढायचा. पक्ष्यामागे चिखलात उठावं-बसावं लागणार, म्हणून. तिसऱ्या खेपेला दादाने दार उघडल्याबरोबर दुकानदाराने लांबूनच हात जोडले. दादाला तो आदर वाटला.

एवढ्या काळात प्रत्यक्ष माहुलला आम्ही फक्त तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा सकाळी पोचलो, पाखरं लांब चिखलात होती, आणि ऊन चढायच्या आत निघायचं हा दादाचा नियम असल्यामुळे नऊच्या ठोक्याला परतलो. दर खेपेला दादाने तेच अनुमान काढलं, की लेन्स मोठी पाहिजे.

या वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. मार्चअखेर दादा रिटायर होणार होता. कंपनीत निरोपाला प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ देतात. पण दादाचं लेन्सवेड सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सहकाऱ्यांनी ठरवलं की रघूकाकांना लेन्सच द्यायची. फक्त कोणती ते त्यांनी वीस मार्चच्या आत कागदावर लिहून द्यावं. नाही दिलं तर घड्याळ.

दादाची झोप उडाली. सहा वर्षांत जे ठरलं नाही ते तीन आठवड्यांत ठरवायचं. आणि घड्याळ आलं असतं तर लेन्स कायमची राहिली असती, कारण पेन्शनीत असली चैन बसणारी नव्हती. वरवंट्याच्या जोडीला त्याने पाट्याचा तुटका तुकडाही काढला. शेवटी मीच म्हणालो की माहुलला जाऊ, अंतर डोळ्यांनी मोजू, आणि तिथल्या तिथे ठरवून टाकू. चारशे किंवा सहाशे. तिसरा शब्द नाही.

रविवारी सातला आम्ही जेट्टीवर होतो. पाखरं नेहमीसारखीच लांब. दादाने वही काढली, मी मोबाइलवर नकाशा काढला. आमची वादावादी जेट्टीवर जाळं विणत बसलेली एक कोळीण ऐकत होती. साठीची असेल. थोड्या वेळाने तिने विचारलं की तुम्ही काय मोजताय. दादाने तिला सगळं समजावलं, डोळ्यापासून धुळीपर्यंत.

ती जाळ्यातून मान वर न करता म्हणाली, “आरं, पानी भरलं का ती आपसूक हिकरं येतान. दुपारच्याला बस ना हितं.”

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी खाडीकडे बघायला लागलो.

वाचकहो, भरती-ओहोटी हा धडा मी एकवीस वर्षं शिकवतो आहे. चंद्र, सूर्य, पृथ्वी, फळ्यावर रंगीत खडूने आकृती. आमचे आजोबा मालवणला होडी घेऊन समुद्रात जायचे आणि नुसत्या तिथीवरून पाणी केव्हा चढेल ते सांगायचे. त्यांच्या एका नातवाने सहा वर्षं वरवंटा उचलला, दुसऱ्याने सहा वर्षं इंग्रजी वाचलं, आणि पाणी चढलं की चिखल बुडतो, चिखल बुडला की पाखरू काठाला सरकतं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही रविवार बघून जात होतो. पाणी काही रविवार बघून येत नाही.

“काय पण ग्रॅज्युएट,” दादा म्हणाला.

आम्ही थांबलो. कोळीण मावशीने आम्हाला तिच्या ताडपत्रीखाली बसू दिलं आणि मुंबईच्या शिकलेल्या लोकांबद्दल तिचं मत सविस्तर सांगितलं. नऊनंतर पाणी चढायला लागलं. गुलाबी पट्टा हळूहळू जाड झाला, मग त्याला पाय फुटले, मग माना. साडेबाराला पाखरं दोन होड्यांच्या अंतरावर होती. चोची चिखलात फिरवताना होणारा आवाजसुद्धा ऐकू येत होता. दादाने बॅगेतून कॅमेरा काढला, त्याला तीच बडीशेप दाखवणारी छोटी लेन्स होती. हात जराही हलला नाही.

पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला तर बारीक पिवळा डोळा स्पष्ट दिसत होता.

परत येताना रिक्षात मी फार खुशीत होतो. म्हटलं, दादा, सुटलास. लेन्सची गरजच नाही. कागदावर लिहून दे की दुसरं काहीतरी द्या, नाहीतर घड्याळ तरी घेऊन टाक. विषय संपला.

दादा कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. रिक्षा देवनारच्या सिग्नलला थांबली तेव्हा बाहेर बघत म्हणाला, “मगे आयतवारी काय करूचा?”

रविवारचं त्याचं हे बोलणं मला तेव्हा पुरतं कळलं नाही. म्हातारपणी माणसाला छंद लागतो, एवढंच मनात आलं. मी म्हटलं, बघू.

वीस तारखेला कॉलेज लवकर सुटलं म्हणून मीच दादाच्या कंपनीत गेलो. दादा साइटवर होता. दोन तरुण इंजिनीअर एका जाडजूड पुस्तकावर वाकले होते. मी दादाचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली. त्यातला एक हसत म्हणाला की काका रिटायर झाले की आमचं कठीण आहे. नवीन लिफ्टचं मॅन्युअल आलं की आधी काका वाचतात, मग आम्हाला समजावतात. त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. सहाशे पानं होती, सगळी इंग्रजी. समासात पेन्सिलीने दादाच्या अक्षरात खुणा होत्या. कुठे शब्दाचा अर्थ, कुठे ‘हे चूक छापलंय’.

मी पानं उलटत राहिलो. ‘अॅपर्चर’ या शब्दाचा अर्थ मी त्याला चार वेगवेगळ्या रविवारी सांगितला होता. चारही वेळा त्याने वहीत उतरवून घेतला होता.

इंजिनीअरने विचारलं की काकांनी कागद अजून दिलेला नाही, मग लेन्स कोणती लिहू. मी म्हटलं सहाशेची. भरती दर वेळेस थोडीच मिळणार आहे, आणि जड आहे म्हणजे उचलायला बरोबर कोणीतरी लागेल.

एकतीस मार्चला दादाला लेन्स मिळाली. तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. बरे म्हणावेत असे फोटो आत्तापर्यंत तीन निघाले आहेत.