तळ्यातला ठिपका

फोनवरच्या नकाशात जेलरकाकांचा निळा ठिपका पुन्हा तळ्याच्या मधोमध आला, तेव्हा तिने तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"हे बघा ना," ती शेजारच्या टेबलावरच्या व्हिसावाल्याला म्हणाली. "पलीकडे गेले, तिथून परत निघाले, आणि आता पुन्हा पलीकडे चाललेत. मघापासून हेच चाललंय."

"तळं आवडलं असेल," व्हिसावाला कुणाच्या तरी पासपोर्टमधून मान वर न काढता म्हणाला.

"बोटीचं तिकीट मी काढलंय. एकदा जायचं, एकदा यायचं."

परदेशी सहली आखून देणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे घारबाई म्हणत. नाव व्हिसावाल्याने ठेवलं होतं, आणि ते चिकटलं याला कारण तीच होती. बाळंतपणानंतर कामावर आल्यापासून ती दर थोड्या वेळाने घरी फोन करायची. "बाळ काय करतंय?" सासूबाई आधी सविस्तर सांगायच्या. हल्ली त्या फोन उचलल्याबरोबर म्हणत, "झोपलीये, श्वास चालू आहे, खिडकी बंद आहे. ठेवते."

पासपोर्ट हरवला, विमान चुकलं, हॉटेलवाल्याने खोली भलत्यालाच देऊन टाकली, की इथल्या खुर्चीत बसून तिथल्या माणसाला सोडवायचं, हे त्या कचेरीचं खरं काम. रजेवरून परतल्यावर तिला एकटीने सांभाळायला मिळालेली ही पहिलीच फाइल. निवृत्त जेलर आणि त्यांची बायको, आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. त्यांचा मुलगा एका मोठ्या कंपनीत साहेब होता आणि त्या कंपनीचे सगळे दौरे याच कचेरीतून ठरत. "यांना काही झालं तर कंपनी गेली," मॅडम म्हणाल्या होत्या, "आणि तू परत तिकिटांच्या खिडकीवर."

त्यामुळे तिने काही बाकी ठेवलं नव्हतं. दोघांत मिळून असलेल्या एका फोनचा ठिकाणा तिने आपल्या फोनवर जोडून घेतला होता. सकाळी उठलात का, नाश्ता झाला का, बाहेर गारवा आहे तर स्वेटर घातलेत का, काकांची गोळी घेतली का. काकू प्रत्येक निरोपाला "हो गं बाळ" असं उत्तर पाठवत. ते उत्तर आलं की तिचा जीव भांड्यात पडे. आज एकही उत्तर नव्हतं. फोन नुसता वाजत होता.

"उतरता येत नसेल त्यांना," व्हिसावाला म्हणाला. त्याने हे गंमत म्हणून म्हटलं होतं.

पण तिला ते एकदम पटलं. बोट काठाला लागते, गर्दी उसळते, म्हातारी माणसं मागे राहतात, तोवर बोट सुटते. भाषा येत नाही, विचारणार कुणाला? बिचारी सकाळपासून उपाशीपोटी तळ्यात येरझाऱ्या घालताहेत. तिला काकूंचा रडवेला चेहरा दिसायलाच लागला.

तिने तिथल्या एजंटबाईंना फोन लावला. एजंटबाईंनी बोटीच्या कंपनीला लावला. कंपनीने कप्तानाला गाठलं आणि कप्तानाने भोंग्यावरून पुकारा केला. कुणी पुढे आलं नाही.

"कुठल्या भाषेत पुकारलं?" तिने विचारलं.

"इथल्या. मग इंग्रजीत," एजंटबाई म्हणाल्या.

"घाबरलेल्या माणसाला फक्त आपलीच भाषा ऐकू येते. मला बोलू द्या."

कप्तान भला माणूस असावा. त्याने आपला फोन माइकला लावून धरला. तिने घसा साफ केला, आणि व्हिसावाल्यानेही मान वर केली.

"काका, काकू, मी बोलतेय. अजिबात घाबरू नका. आहात तिथेच उभे राहा. कप्तान तुम्हाला हाताला धरून उतरवतील. काकू, स्वेटरची वरची बटणं लावा, पाण्यावर वारा असतो. आणि काका, सकाळी पोट साफ झालं नसेल तर गोळी निळ्या डबीत आहे. लाजू नका, कप्तानांकडे पाणी मागा."

बोटीवरचे सगळे एकमेकांकडे बघत राहिले, असं कप्तानाने कळवलं. कुणीच हात वर केला नव्हता. मग त्यानेच सुचवलं, की त्यांचा फोन वाजवून बघा. तिने वाजवला. लाइफ जॅकेटं ठेवायच्या बाकाखालून आवाज आला. तिथे एक कापडी पिशवी होती. पिशवीत फोन, आणि नीट घडी घातलेले दोन स्वेटर.

कप्तान जुना माणूस होता. स्वेटर घडी घालून ठेवणारी दोन म्हातारी माणसं बोटीवर नाहीत, याचा अर्थ त्याने लावायचा तोच लावला. त्याने बोट थांबवली.

पुढचं सगळं एजंटबाई तुकड्यातुकड्यांनी सांगत होत्या. बचाव पथकाच्या दोन होड्या सुटल्या. पाणबुडे उतरले. प्रवाशांना कठड्याला उभं करून पाण्यावर नजर ठेवायला सांगितलं. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलाला कळवावं लागेल."

"थोडं थांबू या," ती कसंबसं म्हणाली.

"कशासाठी थांबायचं?"

मॅडमनी निरोप पाठवला. तिला वाटत होतं, स्वेटर घाला असं आपण म्हटलं नसतं तर. मग वाटलं, गोळीचं चारचौघांत बोललो म्हणून तर नाही ना उडी मारली? पण उडी आधीची होती. हा दिलासा वाटला याचीच तिला लाज वाटली.

तेवढ्यात एका अनोळखी परदेशी नंबरावरून फोन आला. मॅडमनी हात पुढे करून तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"पोरी, मी काकू."

ती खुर्चीवरून ताडकन उठली.

"अगं, आम्ही काठावर आहोत. पाण्यात पाय सोडून बसलोय. भोंग्यावरचा तुझा आवाज इथवर आला. तू दिलेल्या कागदावरचा नंबर लावलाय, पण हा फोन इथल्या हॉटेलवाल्याचा आहे, म्हणून लवकर सांगते. ते पाणबुडे बाहेर काढ बाई. त्यातला एक आमच्या पायापाशी वर आला आणि यांच्याकडे बघून पुन्हा खाली गेला."

"काकू, पण तुमचा फोन…"

पलीकडे थोडी खुसपुस झाली आणि जेलरकाकांचा खर्जातला आवाज आला.

"तो मी ठेवला. आयुष्यभर कैदी सांभाळले मी. पळणारा काय करतो, ठाऊक आहे? पांघरुणाखाली उशी ठेवतो. पहारेकऱ्याला वाटतं, माणूस आत आहे. स्वेटर बरोबर ठेवले, कारण ते घालायचे नव्हते."

व्हिसावाला पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला. त्याचे खांदे हलत होते.

"पण काका, मी तुमच्या काळजीपोटीच…"

"मलाही तेच वाटायचं. सगळे मला कडक म्हणायचे."

काकूंनी फोन परत घेतला. "रागावू नकोस गं. पण परवा राजवाडा बघायला गेलो ना, तेव्हा मी सगळा वेळ तुला उत्तरं लिहीत होते. छत फार सुंदर होतं म्हणतात. मी यांना विचारून घेतलं, कसं होतं ते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. कचेरीची फरशी मात्र पक्की होती. इतके दिवस ती स्वतःला सांगत होती, की गिऱ्हाइकांना आपल्याशिवाय एक पाऊल टाकवत नाही. आणि ही माणसं तिच्यापासून सुटायला आख्खं तळं मध्ये घालून बसली होती. "हो गं बाळ" मधला प्रत्येक "हो" तिला आता वेगळाच ऐकू यायला लागला.

"चुकलं माझं, काकू," ती म्हणाली. एवढंच जमलं.

"असू दे. एक कर. आमच्या मुलाला यातलं काही सांगू नकोस. नाहीतर उद्यापासून तो फोन आमच्या गळ्यात बांधेल."

फोन ठेवला न ठेवला तोच मुलाचा आला. तो बैठकीतून बाहेर पळत आला असावा. श्वास लागला होता.

"आई-बाबा?"

"सुखरूप आहेत, साहेब. काठावर आहेत. फोन तेवढा बोटीत… राहिला होता."

"आणि तुम्ही पाणबुडे उतरवले?"

"हो. चुकलंच. सगळा घोळ माझ्यामुळे झाला."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. तिने मनातल्या मनात तिकिटांच्या खिडकीमागची खुर्ची पुसून घेतली.

"चुकलं कसलं?" साहेबांचा आवाज जड झाला होता. "फोन लागला नाही म्हणून तळं उपसायला निघालात तुम्ही. पोटची पोरं करत नाहीत एवढं. मॅडम आहेत का तिथे? पुढच्या महिन्यात माझे सासूसासरे निघालेत. त्यांचं सगळं यांच्याकडेच द्या. आणि यांच्यासारखं लक्ष ठेवायचं, डोळ्यात तेल घालून."

मॅडमनी फोन ठेवला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. व्हिसावाल्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या, कौतुक मात्र घशाखाली उतरेना. ती स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. आरशात बघायचं तिने टाळलं.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचे सासूसासरे कागदपत्रं घेऊन आले. सासरे खुर्चीच्या कडेवर बसले. सासूबाई पर्स मांडीवर घट्ट धरून होत्या.

"जावई सांगत होते, तुम्ही फार लक्ष ठेवता," त्या म्हणाल्या. "दर तासाला?"

"जावईबापूंनी तसं लिहूनच दिलंय," सासरे पडेल आवाजात म्हणाले.

तिने मॅडमच्या केबिनकडे पाहिलं. दार बंद होतं. व्हिसावाला पासपोर्टात बुडाला होता. ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"काकू, घरात एखादा जुना फोन पडलाय का हो? हरवला तरी हळहळ वाटणार नाही, असा?"