खोली नंबर चारचा साक्षीदार

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून ज्योतीराम कूलर खोलून त्यातलं जुनं गवत काढत बसला होता. तेवढ्यात घरमालक लक्ष्मणराव दारात येऊन उभे राहिले.

"ज्योतीराम, आधार कार्ड हाय का जवळ?"

"आहे की आबा. काय झालं?"

"काय न्हाई. कापडं बरी घाल. राजगुरुनगरला जायचंय."

घरमालकानं आधार कार्ड मागितलं की भाडेकरूला आधी आपली खोलीच आठवते. ज्योतीराम लातूरकडचा. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर होता आणि अकरा वर्षं लक्ष्मणरावांच्या चाळीत खोली नंबर चारमध्ये राहत होता. लेक दिव्या यंदा दहावीला, शाळा चालत दहा मिनिटांवर. पण या बारा खोल्यांवर आबांच्या दोन्ही मुलांचा डोळा होता. थोरल्या जयसिंगला तिथे सात मजली इमारत उठवायची होती आणि धाकट्या पिंटूला कंपनीला भाड्याने द्यायला गोडाऊन. दोघांचं कशातच एकमत नव्हतं, फक्त खोल्या पाडायच्या यावर होतं. आबा आहेत तोवर आपण आहोत, हे ज्योतीराम पक्कं ओळखून होता. त्यामुळे त्याने कूलर तसाच टाकला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि गाडीला किक मारली.

वाटेत आबांनी मागून कानात सांगितलं, "मृत्युपत्र केलंय. साक्षीला माणूस पायजे. वकील म्हणला, वारस नको आन् भावकीतला नको. आता आमच्या गावात भावकी सोडली तर उरतंय कोण? डॉक्टर, न्हाईतर भाडेकरू."

"पण आबा, मीच कशाला?"

"डॉक्टर तर पायजेच, मी शुद्धीत हाय म्हणून सांगाया. दुसरा तू. भाडं द्यायला कवा कुरकुरला न्हाईस, तवा सही करायला बी कुरकुरणार न्हाईस."

वकील नेमके तारखेला पुण्याला गेले होते. कागद मात्र तयार होता आणि सह्या कुठे घ्यायच्या ते कारकुनाला ठाऊक होतं. डॉक्टरही दवाखाना सोडून आले होते आणि घड्याळ बघत होते. आबांनी सही केली आणि मग असं काही केलं, की ज्योतीराम बघतच राहिला. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि कागदावर पसरून ठेवली. आबांचं उघडं डोकं ज्योतीरामने अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"हितं खाली कर सही. वरचं तुझ्या कामाचं न्हाई."

ज्योतीरामने सही केली. आबांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, कागद पाकिटात घालून वकिलांसाठी कारकुनाकडे दिला आणि ते म्हणाले, "आन् ध्यानात ठेव. यातला एक शब्द बाहेर फुटला, तर खोली रिकामी करायची."

"आबा, मला एक शब्द ठाऊकच नाही, तर फुटणार कुठून?"

"तेच म्हणतोय मी."

दोघं गावात परत यायच्या आत बातमी येऊन बसली होती. वकिलाच्या ऑफिससमोरच्या टपरीवर भावकीतले तिघं चहा पीत होते, तेव्हा आणखी काय होणार? डॉक्टरांना विचारायची कोणाची छाती नव्हती. उद्या ताप आला तर सुई त्यांच्याच हातात. राहिला ज्योतीराम. संध्याकाळी जयसिंग बुलेट घेऊन थेट खोलीपुढे आला. गेल्या अकरा वर्षांत तो इथे फक्त मोजमाप घ्यायला आला होता.

"ज्योतीरामभाऊ," तो खाटेवर टेकत म्हणाला. भाऊ हा शब्दही पहिल्यांदाच आला होता. "आबांनी काय लिवलंय?"

"खरं सांगतो, मी वाचलं नाही. आबांनी वर टोपी ठेवली होती."

"टोपी?" जयसिंगने विजयश्रीकडे पाहिलं. ती ज्योतीरामची बायको, चहा घेऊन आली होती. "वहिनी, ऐकलंत का? आमच्या आबाची टोपी चार माणसांत कवा उतरली न्हाई, आन् हा म्हणतोय कागदावर ठेवली."

ज्योतीरामने आईची शपथ घेतली. जयसिंग हसत उठला. "बरं, नका सांगू. इमानी माणूस हाय, मला आवडलं." दुसऱ्या दिवशी खोली नंबर चारच्या दारात नवीन नळ बसला आणि जयसिंगच्या टँकर भरायच्या बोअरची पाइपलाइन त्याला जोडली गेली. बाकीच्या अकरा खोल्यांना पाणी एक दिवसाआड, चार नंबरला चोवीस तास. विजयश्रीला इतका आनंद झाला, की तिने त्या दिवशी गोधड्यासुद्धा धुतल्या.

हे पिंटूला कळायला किती वेळ लागणार? पिंटू चाळिशीचा होता, पण गावाने त्याला मोठं होऊ दिलं नव्हतं. त्याने मटणाचा डबा पाठवला, आणि पाठोपाठ स्वतः आला.

"भावा, जास्त न्हाई विचारत. रस्त्याकडचं रान कुणाला?"

"पिंटूशेठ, मी नाही वाचलं."

"दादाला सांगितलंस ना?"

"त्यांनाही हेच सांगितलं."

"मग नळ उगाच बसला व्हय?"

ज्योतीरामने पुन्हा आईची शपथ घेतली. पिंटूनेही राग धरला नाही. त्याची रीत वेगळी होती. त्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. सोमवारी सकाळी ज्योतीराम कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभा राहिला आणि सहज वर पाहिलं, तर वीस फुटी फ्लेक्सवर तो स्वतःच होता. मधे पिंटू गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, माजी उपसरपंचांच्या शेजारी, ज्योतीराम. फोटो मोबाइलवरून उचललेला होता आणि गळ्यात सोन्याची साखळी छपाईवाल्याने पदरची घातली होती. बसमधल्या पोरांनी हिंजवडीपर्यंत ऐकू जाईल अशा शिट्ट्या मारल्या.

तो फ्लेक्स जयसिंगनेही पाहिला. साक्षीदार पिंटूच्या रांगेत उभा, म्हणजे कागद पिंटूच्या बाजूचा, एवढं कळायला वकील लागत नाही. दुपारी नळ बंद झाला, संध्याकाळी नळ निघाला, आणि रात्री नुसतं भोक उरलं. विजयश्री भिजवलेल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन दारात उभी होती.

"तुम्ही खरंच वाचलं नाही?" तिने विचारलं.

"तूपण?"

"तसं नाही ओ. पण सही करताना माणूस जरा वाकून बघतंच की."

बुधवारी तळेगाव दाभाड्याहून आबांची मुलगी इंद्रायणी आली. तिच्यापुढे भावांनी हक्कसोडपत्र ठेवलं होतं: बापाच्या जमिनीवरचा हक्क भावांना सोडायचा आणि बदल्यात दिवाळीला साडी घेऊन माहेराला आशीर्वाद द्यायचा. दोन वर्षं ती आज करते, उद्या करते म्हणत होती. तिने विजयश्रीला साडी आणली होती. साडी बरीच भारी होती. मग डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "दादा, तुमी मला पाठच्या भावासारखे. मला दोन भाऊ हायेत, पन असून नसल्यासारखे."

"ताई, तुमच्या पाया पडतो. मी काहीच वाचलं नाही."

"तुमाला आबांनी बोलायची बंदी घातलीय, मला कळतंय. नका बोलू. ह्यो चहा हाय. कागदात माझं नाव असंल तर प्या, नसंल तर राहू द्या. म्हणजे तुमची जबान बी राहिली आन् माझं काम बी झालं."

ज्योतीराम कपाकडे बघत बसला. नाही प्यावा, तर या बाईचा जीव तुटणार. प्यावा, तर खोटी साक्ष. चहावर साय धरली. पण सकाळी सहाला शिफ्टला गेलेला माणूस, घसा कोरडा, आणि घरात पाणी नाही. शेवटी त्याचा हात आपोआप कपाकडे गेला. अर्धा कप पोटात गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने कप झटकन खाली ठेवला.

"अर्धाच?" इंद्रायणीचा चेहरा उजळला. "अर्धा हिस्सा!"

तिने तिथूनच भावांना फोन लावला आणि हक्कसोडपत्र चुलीत घालायला सांगितलं.

गुरुवारी सकाळी जयसिंग आणि पिंटू एकत्र आले. सहा वर्षांत दोघं भाऊ एका गाडीवर कोणाला दिसले नव्हते.

"ताईला काय सांगितलंस?"

"काही नाही. मी फक्त चहा प्यालो."

"चहा पिऊन आमचं अर्धं रान घालवलंस!" पिंटू ओरडला. "फ्लेक्सवर घेतला तुला, भावा!"

"एक तारखेला खोली खाली," जयसिंग म्हणाला. "आबा नको म्हणले तरी खाली."

दिव्या आतून वह्या छातीशी धरून बघत होती. ज्योतीरामला मनातून खरंच भीती वाटली. पोरीची दहावी, आणि आपण एका चहापायी तिची शाळा घालवली. तो पायात चप्पल न घालताच आबांच्या बंगल्याकडे धावला. मागून दोघं भाऊ, त्यांच्यामागे विजयश्री. आबा ओट्यावर बसले होते, शेजारी रात्रीपासून मुक्कामाला असलेली इंद्रायणी. आणि समोर वकील. ते स्वतः आले होते, घामाघूम झाले होते आणि हातात ते पाकीट होतं.

"आबा, हा ज्योतीराम कोण?" वकिलांनी विचारलं.

"ह्यो काय, आलाच की."

"अहो, साक्षीदार म्हणून सही यांची, आणि सातव्या कलमात खोली नंबर चार यांच्याच नावावर! ज्याला मिळतंय त्याचीच साक्ष घेतली? उद्या कोणी कोर्टात गेलं, तर पहिलं बोट इथेच ठेवेल."

वकिलांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "तुमीच म्हणला, वारस नको, भावकी नको. ह्यो दोन्हीतला न्हाई. ह्याची बायको माझ्या बोळक्याला चावंल अशी भाकरी करून देती, रोज, न सांगता. हितं तीन लेकरं असून कुणाला सुचलं न्हाई. म्हणून दिली खोली."

ज्योतीरामने वाकून आबांचे पाय धरले. जयसिंगला मात्र वेगळंच सुचलं होतं. तो हळूहळू म्हणाला, "म्हणजे ह्यानं खरंच वाचलं नव्हतं."

"मी तेच तर सांगायलाव!"

"वाचलं असतं तर सही कशाला केली असती? स्वतःच्या खोलीवर कोण धोंडा मारून घेतंय?"

ते सगळ्यांनाच पटलं. पिंटूने ज्योतीरामच्या पाठीवर थाप मारली, इंद्रायणीने तोंडाला पदर लावला. आबांनी कागदाचे चार तुकडे केले. "आता नवा करतो. आन् तुमचे हे आठ दिवसांचे खेळ बघितलेत मी सगळ्यांचे. चहाचं बी कळलं. कुणाला काय द्यायचं ते आता नव्यानं ठरवीन." हे बोलताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि ज्योतीरामकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या गुरुवारी आबा सात नंबरच्या निरंजनच्या गाडीवर मागे बसून राजगुरुनगरला गेले. निरंजन मूळचा चिपळूणचा, दोन लेकरांचा बाप, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. संध्याकाळी ज्योतीराम त्याच्या दारात उभा राहिला. हातात विजयश्रीने केलेले गरम धपाटे आणि दह्याची वाटी होती.

"निरंजनभाऊ, सहज आलो," तो खाली बसत म्हणाला. "मला बाकी कोणाचं काही नको. सातवं कलम आहे का गेलं, तेवढंच सांग."

"देवाशपथ, मी वाचलंच नाही हो. आबांनी बघूच दिलं नाही."

ज्योतीराम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. माणूस तसा सरळ वाटत होता. पण इतका मोठा कागद समोर असताना न वाचता कोणी सही करतं का? त्याने धपाट्यांची ताटली निरंजनकडे आणखी थोडी सरकवली.