सुमित्रा नान्नजकर (नंतर)

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता जाहिरातीतली 'नंतर'ची बाई सुमित्राबाई नान्नजकरांच्या घरी ताबा घ्यायला आली. तिच्यासोबत नगरपालिकेचे ताबा निरीक्षक बोधले होते. त्यांच्या एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हातात वजनकाटा.

जाहिरात आमच्या गावात सगळ्यांना पाठ होती. एसटी स्टँडसमोर तो फलक दीड वर्षं उभा होता. डावीकडे 'आधी' असं लिहून सुमित्राबाईंचा फोटो. स्वतःच्या गाड्यावर उभ्या राहून त्या वडा नीट तळला गेलाय का ते चावून बघत होत्या. फोटो कोणी, कधी काढला, हे त्यांना कधीच कळलं नाही. उजवीकडे 'नंतर' असं लिहून एक मूठभर कमरेची बाई. नाक सुमित्राबाईंसारखं, साडी थेट तीच, बाकी काही जुळत नव्हतं. मधोमध तन्वांगी चूर्णाचा डबा आणि 'फक्त एकवीस दिवसांत!' ही हातभर उंचीची अक्षरं. सुमित्राबाईंचा वडा-उसळीचा गाडा नेमका त्या फलकासमोर लागायचा. गिऱ्हाईक एकदा वर बघायचं, एकदा त्यांच्याकडे, आणि मग पैसे द्यायचं. फलक काढा म्हणून त्यांनी कंपनीला दोन पत्रं लिहिली होती. त्यांचं उत्तर म्हणून आज ही बाई आली होती.

सुमित्राबाईंचे यजमान मुरलीधर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी कंपनीचं पत्र दोनदा वाचलं. एकवीस दिवस केव्हाच उलटून गेले असल्याने 'आधी'ची मुदत संपली आहे. तरी राहतं घर, गाडा, रेशनकार्डावरचं नाव व पती हे सर्व सुमित्रा नान्नजकर (नंतर) यांच्याकडे सुपूर्द करावं, असं त्यात लिहिलं होतं. मुरलीधर म्हणाले, शिक्का तर बरोबर दिसतोय. मग बायकोकडे बघून त्यांनी घाईघाईने सांगितलं की शिक्का बरोबर असला म्हणून आपली संमती आहे असं नाही.

सुमित्राबाईंनी पाहुणीला खुर्ची दिली. तिने मान हलवून नको म्हटलं. बसलं तर पोट सुटतं, असं ती अगदी हळू, श्वास राखून बोलली.

सुमित्राबाईंनी बोधल्यांना सांगितलं, मी त्या चूर्णाची चिमूटसुद्धा कधी जिभेवर ठेवलेली नाही. बोधले म्हणाले की घेतलं की नाही घेतलं हा या कार्यालयाचा विषय नाही, कार्यालय फक्त ताबा बघतं. मग त्यांनी काटा फरशीवर ठेवला आणि सुमित्राबाईंना त्यावर उभं केलं. एकोणऐंशी किलो भरले. फाइलमध्ये फोटोच्या वेळचं वजन चौऱ्याऐंशी होतं. "पाच किलोंची घट," असं म्हणत बोधले 'उत्पादनाचा गुण आला' या ओळीपुढे खूण करू लागले.

सुमित्राबाईंनी फाइलवर हात ठेवला.

"ते पाच किलो माझे आहेत," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या नावावर लिहायचे नाहीत."

पाडव्याच्या सुमारास डॉक्टरांनी त्यांना साखर काठावर आल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून चार वाजताचे दोन वडापाव त्यांनी बंद केले होते. त्याऐवजी वाटीभर मटकीची उसळ, वरची तर्री बाजूला सारून. थंड बाटलीऐवजी ताक. वडा चाखायचं कामही त्यांनी मुरलीधरांकडे दिलं होतं, तेही दिवसाला एकच. स्टँडपासून घरापर्यंत रिक्षा सोडून त्या चालत येऊ लागल्या. याला आठ महिने झाले होते. एकवीस दिवसांत तर माझी बांगडीसुद्धा सैल झाली नव्हती, असं त्यांनी बोधल्यांना ऐकवलं.

बोधल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी अडचण सांगितली. वजन उतरलं तर ते चूर्णामुळे उतरलं असं धरतात. उतरलं नाही तर 'आधी' मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिली असं धरतात. दोन्ही बाजूंनी ताबा द्यावाच लागतो. चालण्यासाठी अर्जात रकाना नाही.

हे ऐकून सुमित्राबाईंना इतका राग आला की आत्ताच्या आत्ता गाड्यावर जाऊन सहा वडे खावेत असं त्यांच्या मनात आलं. पण मग त्यांना वाटलं, कंपनीच्या सांगण्यावरून उपाशी राहायचं नाही, तर कंपनीवरच्या रागाने तरी का खायचं? त्यांनी पदर खोचला आणि मूळ कागद बघायला मागितला.

मूळ कागद म्हणजे तो फलकच, असं बोधले म्हणाले. हरकत घेतल्यास तो बघण्याची तरतूद होती. म्हणून सगळे चालत स्टँडवर गेले. 'नंतर'ची बाई सर्वांत मागून, भिंतीला हात लावत येत होती. फलकावरची तिची जागा मोकळी दिसत होती.

चूर्णाच्या डब्याखाली मुंग्यांची रांग असावी तशी एक ओळ होती. सुमित्राबाईंनी बोधल्यांना ती वाचायला सांगितली. त्यांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि खालून वाचता आली नाही तरी ती वाचली असं समजतात, असा नियम सांगितला. सुमित्राबाईंनी शेजारच्या रंगाऱ्याकडून शिडी आणवली. शिडीला एवढं वजन पेलेल का, अशी शंका बोधल्यांनी लेखी नोंदवायची तयारी दाखवली.

"शिडीचं शिडी बघेल," असं म्हणून सुमित्राबाई चढू लागल्या. मुरलीधरांनी खालून दोन्ही हातांनी शिडी धरली. स्टँडवरची माणसं गोळा झाली. गुडघा दुखत होता, पण त्या कुठे थांबल्या नाहीत. स्वतःच्या चौपट मोठ्या चेहऱ्याशेजारी उभं राहून त्यांनी ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली: "परिणाम व्यक्तीनुसार वेगवेगळे. योग्य आहार व नियमित व्यायाम आवश्यक."

मग त्या वरूनच बोलल्या.

"व्यक्तीनुसार वेगवेगळे म्हणजे व्यक्ती वेगवेगळ्या. ती ती आहे आणि मी मी आहे. आहार मी सांभाळला, चालले मी. हिने माझी 'नंतर' काय म्हणून व्हायचं?"

बोधल्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. बराच वेळ फाइल चाळून त्यांनी मान्य केलं की व्यक्ती वेगळ्या असतील तर एकीची मुदत संपून दुसरीची सुरू होत नाही. ताबा नामंजूर. मात्र वेगळ्या व्यक्तीला वेगळं नाव लागतं, म्हणून त्यांनी पाहुणीला नाव विचारलं.

"फोटोच्या आधी यमुना होतं," ती म्हणाली, आणि गाड्याजवळच्या बाकावर बसली. बसताच दीड वर्षं धरून ठेवलेला श्वास तिने सोडला. ब्लाऊजचं एक हूक उडून रस्त्यावर पडलं.

सुमित्राबाई खाली उतरून तिच्याजवळ आल्या. शेवटचं कधी जेवलीस, त्यांनी विचारलं. फोटोच्या आदल्या दिवशी, दोन केळी, असं यमुनाने सांगितलं. चूर्ण तिनेही कधी खाल्लं नव्हतं. डबा तिच्या हातात द्यायचा होता, पण रिकामा असूनही तिला तो पेलेना, म्हणून कंपनीने तो मध्ये छापला.

कढईत वडे तळले जात होते. यमुनाची नजर तिथून हलेना. सुमित्राबाईंनी तिला आधी पेलाभर ताक दिलं, घोट घोट घ्यायला सांगितलं. मग वाटीभर उसळ, वर कांदा आणि लिंबू. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला तळलेलं झेपायचं नाही, हे त्यांनी तिला समजावलं. "वडा कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "उद्या देते." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच एक दिला. यमुना तो अर्धा तास खात होती.

गुरुवारी दुपारी बोधले पुन्हा आले. कंपनीची नोटीस होती. फलकाची उजवी बाजू दोन दिवसांपासून रिकामी पडली आहे. लोक फक्त 'आधी'कडे बघतात, आणि त्यांना ती आवडते असं दिसतं. तरी यमुना (नंतर) यांनी ताबडतोब जागेवर हजर व्हावं.

यमुना त्या वेळी जेवत होती. तिने सुमित्राबाईंकडे बघितलं. सुमित्राबाई कांदा चिरत होत्या. पत्र तुला आलंय, उत्तर तूच दे, एवढंच त्या म्हणाल्या.

यमुनाने तोंडातला घास नीट चावून गिळला.

"मी जेवतेय," ती म्हणाली.

बोधल्यांनी ते लिहिलं. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं की कधीपर्यंत, कारण मुदतीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

"पोट भरेपर्यंत."

बोधल्यांनी मुदतीच्या रकान्यात 'पोट भरेपर्यंत' असं लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला.